अविवाहित दाखला

परवा मंगळवारी वर्षाराणी ग्रामपंचायतीत आली आन् मोहनरावांना म्हणाली, "मला दाखला पायजे. अविवाहित आसल्याचा."

मोहनरावांचा चहा बशीतून धोतरावर सांडला. मोहनराव म्हंजी आमच्या गावचे सरपंच. तसं कागदावर सरपंच त्यांच्या मंडळी छबुबाई हायत. पण खुर्चीत मोहनराव, शिक्का मोहनरावांच्या खिशात, आन् छबुबाईंची सही मोहनराव छबुबाईंपेक्षा वळणदार करतेत. बाईंना पंचायतीचं दार कुठल्या दिशेला हाय तेबी ठाऊक नसंल.

मी शेजारच्या बाकड्यावर व्हतो. मी उत्तरेश्वर. फौजेत चोवीस वर्षं क्लार्क. बंदूक चालवली वर्षातनं एकदा, टाईपरायटर रोज. हवालदार म्हणून रिटायर झालो, चौसाळ्याला एस्टीतून उतरलो, आन् गावानं त्याच दिवशी मला मेजर केलं. बढती द्यायला आमच्या गावाला ना बोर्ड लागतो ना परीक्षा. ग्रामसेवक आठवड्यातनं दोन दिस येतो, तेबी मर्जी आसली तर. म्हणून गावाचे अर्जफाटे मी लिहितो. गावाचं नाव तेवढं विचारू नका. सांगितलं तर सगळ्यांनाच जड जाईल, मला धरून.

"पोरी, डोकं ठिकाणावर हाय का?" मी म्हणालो. "तुज्या लग्नात मी जेवलोय. दोनदा बुंदी घेतलीय."

"मग लिहून देता का तसं, मेजरकाका?" ती म्हणाली. "बुंदी खाल्ली म्हणून?"

लिहून कसं देणार? ते कावून देता येत न्हाई, ते सांगतो.

आमच्याकडं ऊसतोडीला माणूस जात न्हाई, कोयता जातो. एक कोयता म्हंजी एक नवरा आन् एक बायको. तो तोडणार, ती मोळ्या बांधणार. मुकादम बंकट माणसं मोजतच न्हाई, जोड्या मोजतो. भिवराबाई आन् तिचा नवरा रामकिसन ही एक जोडी. त्यांचा पोरगा भागवत सतरा वर्षांचा झाला, कोयता चालवायला लागला, तर बंकट त्याला अर्धा कोयता म्हणायचा. चारचौघांत म्हणायचा, "अर्ध्या, हिकडं ये बे." पोराला अर्धं म्हटलेलं कोणत्या आईला खपंल? सहा वर्षांमागं, करोनाच्या साली, दसरा झाल्यावर चौथ्या दिवशी, टोळीच्या गाड्या निघायच्या दिवशीच सकाळी भिवराबाईनं त्याचं लगीन लावून दिलं. नवरदेव सतरा, नवरी चौदा. नववीत व्हती वर्षाराणी. पोलिसांना त्या साली लोकांच्या तोंडावरचं फडकं बघायचं काम व्हतं, नवरीचं वय कोण बघतो! मंगलाष्टकं चालू आसतानाच बंकट ट्रकचा हॉर्न वाजवत व्हता. भटजीनं दोन कडवी गाळली.

त्या लग्नाची नोंद कुठं? नोंद करायची म्हंजी वय लिहावं लागतं. वय लिहिलं की मायबाप, भटजी, आचारी, मांडववाला, अक्षता टाकणारे, सगळ्यांवर गुन्हा. म्हणून आमच्याकडं आसलं लगीन पंगतीत होतं आन् वहीत होत न्हाई. सगळा गाव साक्षीला आसतो आन् साक्षीला कोणीच नसतो. ही सोय आमी स्वतःच लावून घेतलीय, कोण्या सरकारनं शिकवलेली न्हाई.

दोन हंगाम जोडीनं तोड केली. मग भागवत फौजेच्या भरतीत निघाला, अग्निवीर म्हणून. गावात फटाके फुटले. आन् दुसऱ्या दिवशी भिवराबाई कागद घेऊन माझ्याकडं आली. चार वर्षांची नोकरी, उमेदवार अविवाहित पायजे, तसा सरपंचाचा फोटोसकट दाखला पायजे. चार वर्षं लगीन करायचं न्हाई. चार वर्षांनी चारातला एक कायम करतेत, त्यानंबी कायम होईस्तवर बोहल्यावर चढायचं न्हाई. बंकटला लगीन झाल्याबिगर माणूस चालत न्हाई, सरकारला लगीन झालेला माणूस चालत न्हाई, आन् भागवत तर एकच. काय करता?

मी दाखला लिहिला. "भागवत रामकिसन हा या गावचा कायम रहिवासी असून अविवाहित आहे, त्याची चालचलणूक चांगली आहे." ज्या हातानं अक्षता टाकल्या त्याच हातानं लिहिला. मोहनरावांनी छबुबाईंची सही ठोकली, शाल-नारळ देऊन सत्कार केला आन् देशप्रेमावर पाऊण तास बोलले. वर्षाराणी बायांच्या घोळक्यात मागं उभी व्हती. तिला कुणीतरी गळ्यातलं आत घ्यायला सांगितलं, तिनं घेतलं.

फौजेत लगीन म्हंजी काय चीज आसती ते मला विचारा. चोवीस वर्षांत मी शेकडो लग्नं लावली, एकाबी नवरीचं तोंड न बघता. जवान सुट्टीवर जायचा, हजार माणसांत हार घालायचा, हळदीच्या अंगानं परत यायचा. पण जोवर मी टाईप करून त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हंजी लग्नाची फौजी नोंद, निघत न्हाई, तोवर त्याला बायको न्हाई. एकाच्या कागदावर शिक्का पुसट उठला म्हणून ऑर्डर परत आली, ती पुन्यांदा जाऊन येईस्तवर त्याला पोरगं झालं. पोराची नोंद पाठवली तर वरून सवाल आला, सदर मुलाची आई कोण? दुसरी बायको करायची तर सरकारची परवानगी लागती. आमच्या पलटणीतल्या एका नाईकानं ती मागितली न्हाई, आन् त्याच्या दोघी एकाच सकाळी गेटवर आल्या. गार्डनं रजिस्टरात दोघींपुढं 'पत्नी' लिहिलं, झालं, त्याचं बिस्तर गोल, गडी घरी.

साहेब लोकांचं तर आणखीच न्यारं. एका साहेबाची बायको दुसऱ्या साहेबावर भाळली, तर आरोपात लिहितेत की सहकारी अधिकाऱ्याच्या पत्नीचं प्रेम चोरलं. चोरलं! मी टाईप करताना विचार करायचो, की मुद्देमाल जप्त करायचा तर नेमकं काय जप्त करायचं? आन् त्या बाईला कुणी विचारलं का, की बाई गं, तुजं चोरलं का तू आपल्या हातानं दिलंस? तिचा जबाब कधी माझ्या टेबलावर आला न्हाई. पण एक खरं बोलतो, नवऱ्यानं बायको टाकली तर फौज लई कडक. बाईनं साध्या कागदावर अर्ज केला तरी पगारातून पोटगी कापायचा हुकूम निघतो. आसले कैक हुकूम मी टाईप केलेत. फकस्त त्या बाईच्या नावाची ऑर्डर निघालेली पायजे. वर्षाराणीची कुठून निघणार?

तर आता ती पंचायतीत उभी. मोहनराव धोतर पुसत म्हणाले, "तुला कशाला गं दाखला?"

"मलाबी भरतीत जायचंय. मिलिटरी पोलिसात पोरींची भरती हाय, अग्निवीर. लेखी निघालीय माजी. पुढच्या हप्त्यात मैदान हाय, पळायची परीक्षा. तिथं दाखला मागत्यात."

मी च्याटच पडलो. बाईनं सतरा नंबरचा फॉर्म भरून फडातूनच दहावी दिलती, ते ठाऊक व्हतं. पण लेखी? मग आठवलं, पहाटं हायवेच्या कडंनं कोणतरी पळतंय आसं दूधवाले म्हणायचे. भिवराबाईला वाटायचं सुनेला पोटाचा इकार झालाय, रोज अंधारातच लांब जाती. तिनं ओव्याची पुडी आणून दिलती.

"मेजर, बायांचा नियम काय हाय?" मोहनरावांनी विचारलं.

वर्षाराणीनं जाहिरातीचा कागद पुढं केला. मी चष्मा लावला. "अविवाहित पायजे. विधवा चालती, फारकतीची चालती. लेकरू नको."

"मग झालं की!" मोहनरावांनी मांडीवर थाप मारली. "फारकत घे. मी लावतो निकाल, आत्ता."

"मालक, फारकत कुणापासून घेणार?" मी म्हणालो. "फारकत घ्यायची तर लगीन दाखवावं लागतं. लगीन दाखवलं की भागवत घरी, खोट्या दाखल्यावर भरती झाला म्हणून. आन् दाखला देणारे तुमी."

"आसं व्हय. मग विधवा..." मोहनराव बोलले आन् जीभ चावली.

मी सवयीनं पुढचा कॉलम विचारला. "लेकरू न्हाई ना?"

"राहिलं व्हतं," वर्षाराणी म्हणाली. "गेल्या हंगामात. तिसऱ्या महिन्यात मोळी चढवताना गेलं. बंकटमामा म्हणाले, बस घटकाभर. घटकाभर बसले, मग उठले."

मला मेल्याला कुठून बुद्धी झाली विचारायची! मोहनराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले.

मग त्यांना कंठ फुटला. "हे बघ पोरी, खोटा दाखला मी देत नसतो. माज्या उभ्या हयातीत दिलेला न्हाई." हे बोलताना त्यांची पापणीसुदिक हालली न्हाई. पुढाऱ्याला देव वेगळ्या मातीचा घडवतो, उगीच न्हाई तीनदा निवडून येत.

वर्षाराणीनं पिशवीतून भागवतच्या दाखल्याची झेरॉक्स काढली आन् टेबलावर ठेवली.

मोहनरावांचा सूर लगेच खाली आला. "आगं, चार-पाच महिन्यांत त्याची चार वर्षं भरत्यात. हुशार हाय, कायम होतोय. झाला की दणक्यात लगीन लावू. मांडव माजा, जेवण माजं. रीतसर नोंद करू. मेजर तुजी पार्ट टू का काय ते बघतेत."

"कुणासंगं लावणार?" ती म्हणाली.

"कुणासंगं म्हंजी?"

"जूनच्या सुट्टीत ते तलवाड्याला गेलते, मास्तराची पोरगी बघायला. मैतर संगं व्हता, त्याच्याच बायकोनं मला सांगितलं. पसंत हाय म्हणं. अविवाहित माणसाला पोरी बघायला कुणाची मनाई हाय?" ती माझ्याकडं वळली. "सहा वरीस मी त्यांच्या घरात हाय, काका. सासऱ्याची कंबर गेली तवापासून आत्याबाईसंगं कोयत्याला जोडीदारीण मीच जाती. ते कायम झाले की ती बायको हुईल, कागदाची. मग मी कोण? मला अर्जबी करता यायचा न्हाई, कोर्टातबी जाता यायचं न्हाई. मला तुमी काय ते एक ठरवून द्या. बायको हाय तर तसं लिहा. न्हाई तर न्हाई लिहा. दोन्ही न्हाई, आसं कुठवर राहू?"

आता खरं सांगतो, मला राग आला. तिचा न्हाई, माझाच. चोवीस वर्षं मी दुसऱ्याच्या बायकांच्या नोंदी डोळ्यांत तेल घालून तपासल्या, आन् गावच्या पोरीचं नाव एका ओळीत पुसलं. तरी मी तोंड उघडलं न्हाई. रिटायर झाला तरी क्लार्क क्लार्कच आसतो, साहेब काय म्हणतेत ते आधी बघतो.

साहेबांना बोलायला वेळ मिळालाच न्हाई. दारात भिवराबाई उभी, निंदणावरून आलेली, हातात खुरपं, साडीचा काष्टा तसाच. कुणीतरी शेतात जाऊन चुगली केलती.

"कुठं चाललीस गं भवाने?" ती ओरडली. "भरतीला? आन् मी कुणासंगं जाऊ तोडीला? माजी सून हायस तू, सून! आख्ख्या गावादेखत आणलीय!"

"हळू, हळू!" मोहनराव ताडकन उठले आन् खिडकी लावली. "सून म्हणू नका."

"कावून म्हणू नको? सून न्हाई तर काय हाय?"

"आवं, तुमच्या पोराची नोकरी जाईल ना!" मोहनरावांनी दारबी लोटलं. बाहेर चारपाच टाळकी जमलतीच. "तुमी जितक्या वेळा सून म्हणाल तितक्या वेळा भागवत घरी यील."

भिवराबाईनं तोंडाला पदर लावला. पण कसलं काय, तिला दुसरं म्हणायचं तरी काय ठाऊक? "माजी सू... माजी ही... आमच्या घरची हाय ही! हिच्या आजारपणात मी रातध्याड काढलेत. फडात पडली तवा हिला पाठीवर पाचटाच्या कोपीपर्यंत कुणी आणली? मी आणली. आन् आता ही अविवाहित?" बोलता बोलता तिला रडूच फुटलं. "वर्षे, काय कमी केलं गं मी तुला?"

"तुमी काय बी कमी केलं न्हाई, आत्याबाई," वर्षाराणी म्हणाली.

"मग?"

वर्षाराणीनं तलवाड्याचं सांगितलं. भिवराबाईनं ठाम मान हलवली. "खोटं. माजा भागवत तसला न्हाई. सुट्टीला आला की पहिलं तुला विचारतो. बाया कान भरत्यात आन् तू ऐकतीस."

मोहनरावांना त्यात वाट दिसली. "त्यालाच विचारू," ते म्हणाले. "भागवत म्हणंल तसं करू. तो बायको म्हणाला तर तू गपगुमान घरी जायचं, चार महिने थांबायचं. कबूल?"

"कबूल," वर्षाराणी म्हणाली. "पण मी विचारणार."

मोहनरावांनी आपल्या फोनवरून लावला आन् स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. दोनदा वाजला, तिसऱ्यांदा उचलला. "राम राम मालक!" भागवतचा आवाज कसा ठणठणीत. मागं शिट्ट्या वाजत व्हत्या, कोणतरी हिंदीत ओरडत व्हतं.

"मी बोलती," वर्षाराणी म्हणाली. "हितं पंचायतीत हाय. मोहनराव हायत, मेजरकाका हायत, आत्याबाई हायत. जास्त येळ घेत न्हाई तुमचा. एकच सांगा, मी तुमची कोण?"

फोनमंदी शिट्टी वाजली, बंद झाली. भागवतचा श्वास ऐकू येत व्हता. मी भिवराबाईकडं बघितलं. ती फोनवर वाकली व्हती, ओठ हालत व्हते तिचे. बोल रं, बोल, आसं चाललं व्हतं.

"मालक," भागवत म्हणाला, "रेकॉर्डिंग चालू हाय का?"

"न्हाई रं बाबा. बोल तू बिनघोर."

"कोण हाय ही बाई? मी वळखत न्हाई." आवाज एकदम परेडचा झाला. "मी अविवाहित माणूस हाय. माज्या नावावर कोणी काय बी सांगंल, तुमी ऐकू नका. आसले फोन मला लावू नका."

"भागवत, आरं मी..." भिवराबाईनं फोनला हात घातला. तोवर तिकडून कट झाला व्हता. तिनं फोन कानाला लावला, परत टेबलावर ठेवला, परत उचलून उलटा करून बघितला.

मोहनराव खाकरले. "नोकरीचा सवाल हाय, भिवराबाई. पोरगं हुशार हाय. त्यानं बरोबरच केलं, कायद्यानं..."

"गप ऱ्हावा," भिवराबाई म्हणाली. मोहनरावांना आमच्या गावात गप ऱ्हावा म्हणणारं माणूस मी तवा पहिल्यांदा बघितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आन् माझ्याकडं वळली. "मेजर, घ्या कागद."

"काय लिहू?"

"लिहा, ह्या पोरीचं लगीन झालेलं न्हाई. झालं आसतं तर नवरा आसा बोलला आसता का?"

मी कागद घेतला. वर्षाराणीच्या नावापुढं सहा वर्षांनी तिच्या बापाचं नाव लिहिलं. कायम रहिवासी, अविवाहित, चालचलणूक चांगली. तिनं फोटो दिला, मांजरसुंब्याला जाऊन काढलेला, मोकळ्या गळ्याचा. मी चिकटवला. मोहनरावांकडं दुसरा इलाज नव्हता, त्यांनी छबुबाईंची सही केली आन् शिक्का मारला. पुसट उठू नये म्हणून मी त्यांना दोनदा मारायला लावला.

वर्षाराणीनं दाखला वाचला, घडी घातली, पिशवीत ठेवला. मग भिवराबाईपुढं आली आन् पाया पडायला वाकली.

भिवराबाईनं दोन्ही पाय मागं घेतले. "कावून पडतीस?" ती म्हणाली. "मी तुजी कोण लागती?"